चौघांचं एका डब्यात

माझ्या धाकट्या भावाला आम्ही ढब्या म्हणतो. लहानपणी तो एवढा गुबगुबीत होता की वडील त्याला कारखान्यात नवीन सोफ्यावर बसवून स्प्रिंगा तपासायचे. ढब्या बसून उठला आणि गादी पुन्हा फुगली, की माल पास. सैन्यातून तो परत आला तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता, पण नाव तेच राहिलं. बारशाचं नाव कोर्टात पुकारलं तेव्हा मीच क्षणभर मागे वळून पाहिलं, हा कोण बाबा म्हणून.

मी त्याची थोरली बहीण. सोफे, खुर्च्या, गाद्या, बसायचं आणि लोळायचं म्हणून जे काही असतं ते दुरुस्त करून देणं हा आमचा धंदा. वडिलांनी सुरू केला, पुढे मी चालवला. बाईमाणूस हातोडी घेऊन बसतं म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि मग त्याच लोकांनी आपले मोडके सोफे माझ्या दारात आणून टाकले. मी तोंडाने फटकळ आहे, ते आताच सांगून टाकते. पोराने भिजवून भिजवून कुजवलेली गादी घेऊन बाई आल्या आणि म्हणाल्या "अहो, आपोआप फाटली", तर मी त्यांना तोंडावर सांगते की बाई, गादी आपोआप मुतत नाही. खोटं बोलणं मला जमतच नाही. बोलायला गेले तरी चेहऱ्यावर दिसतं.

ढब्या परत आला तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान हो, धडधाकट आला. हात जागेवर, पाय जागेवर, डोळे जागेवर. मीही तेच म्हणत होते.

पहिल्याच आठवड्यात मी एका खुर्चीवर स्टेपल गन चालवत होते. खट, खट, खट. मागे वळते तर ढब्या कटिंगच्या टेबलाखाली, आणि आमच्याकडे शिवणकामाला असलेल्या बाईंना खाली ओढून त्यांच्यावर आडवा पडलेला. त्या बिचाऱ्या ओरडायचं सोडून त्यालाच विचारतायत, "दादा, लागलं का हो तुम्हाला?" त्याचं अंग असं थरथरत होतं की टेबलावरची कात्री खाली पडली. मी त्याच दिवशी ती गन कपाटात टाकली आणि वर कापड झाकलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळं हातोडी आणि बारीक खिळ्यांनी होतं. काम निम्म्या वेगाने होतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे मेलं.

पण खरा घोळ झोपेचा होता. त्याला झोपच लागायची नाही, आणि लागली की "साहेब! साहेब!" करत उठायचा. लष्करी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. त्या घेतल्या की माणसाचं पोतं व्हायचं. एकदा गादीला टाके घालताना दाभण त्याच्या तळहातात घुसला तरी हा आपला दोरा ओढतोच आहे. मी किंचाळले तेव्हा त्याने हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे हो की." अगदी शांतपणे. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

त्याच्या तुकडीतले तिघं आमच्याच शहरात होते. ड्रायव्हर, आचारी आणि बहिरा. ड्रायव्हर आता पाण्याचा टँकर चालवायचा, आचारी एका कॅन्टीनमध्ये होता, आणि बहिऱ्याचे दोन्ही कान एका स्फोटात गेल्यापासून तो गोदामात राखणदारी करायचा. बहिरा राखणदार ठेवणारा मालक कसला असेल, असं मी त्याला विचारलं होतं. त्याने ओठ वाचले आणि ओरडून उत्तर दिलं, "माझ्यापेक्षा बहिरा!" रविवारी दुपारी तिघं यायचे, कारखान्याच्या वरच्या खोलीत चौघं बसायचे. फारसं बोलायचे नाहीत. बसायचे नुसते.

गांजा पहिल्यांदा आणला तो आचाऱ्याने. मला वास आला तशी मी जिना चढून गेले आणि जे काही तोंडाला आलं ते बोलले. माझ्या छपराखाली हे धंदे? वडिलांनी घाम गाळून उभं केलेलं हे घर, आणि तुम्ही इथे गंजेट्यांचा अड्डा करता? आचाऱ्याने हात जोडले. "ताई, शिव्या नंतर द्या. आधी त्याला बघा."

कोपऱ्यात मी एक सोफा उसवून ठेवला होता, वरचं कापड काढलेला, नुसता काथ्या दिसणारा. त्या टोचणाऱ्या काथ्यावर ढब्या झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. भर दुपारी. परत आल्यापासून मी त्याला असं झोपलेलं पाहिलंच नव्हतं. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी खाली जाऊन त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं, उद्या या म्हटलं. मग परत वर गेले आणि तो उठेपर्यंत जिन्यात बसून राहिले. माझे यजमान असते तर म्हणाले असते, लग्नापासून ही पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसली.

त्यानंतर मी काही बोलले नाही. पुढे झाडं गच्चीवर आली, पाण्याच्या टाकीच्या मागे, जुन्या दिवाणांचे खण होते त्यांत माती भरून. ढब्या त्यांना पाणी घालायचा, पानांवरची धूळ पुसायचा, आणि हळू आवाजात त्यांच्याशी काहीतरी पुटपुटायचा. माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द, आणि झाडांशी गप्पा. मी म्हटलं, "एवढं माझ्याशी बोल की रे." तर म्हणतो, "ती उलट बोलत नाहीत, ताई." हसला चक्क. किती दिवसांनी हसला तो.

चौघांकडे चार लहान डबे होते, आमचे बारीक खिळे यायचे ते पत्र्याचे. प्रत्येकाने आपला डबा भरायचा आणि घरी न्यायचा. विकायचं नावच नाही. शेजारच्या दुकानदाराने एकदा आडून आडून विचारलं, तेव्हा ड्रायव्हरने त्याला जिन्यावरून खाली बघायला लावलं, किती उंच आहे ते. गोळ्या बंद झाल्या. ढब्या परत टाके घालायला लागला, आणि टाके सरळ यायला लागले. म्हणून मी म्हणते, माझा भाऊ मला दोनदा परत मिळाला, आणि खरा परत आला तो दुसऱ्यांदा.

कायदा बदलणार, बदलणार असं तेव्हा चाललंच होतं. टीव्हीवर रोज माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. शेवटी बदलला. ड्रायव्हरने रविवारी वर्तमानपत्र आणलं आणि वाचून दाखवलं. स्वतःच्या वापरापुरता थोडा गांजा जवळ असला, दोन-चार झाडं असली, तर आता गुन्हा नाही. समज द्यायची, फार तर डॉक्टरकडे पाठवायचं. बहिरा विचारायचा, "काय म्हणतोय?" आणि ड्रायव्हर त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडायचा, "गांजा! आता चालतो!" मी खालून ओरडले, "अरे मेल्यांनो, अजून गल्लीला पत्रिका पाठवा!" पण खरं सांगते, मलाही हलकं वाटलं. चोरासारखं राहायचा मलाही कंटाळा आला होता.

त्याच बातमीत खाली आणखी एक परिच्छेद होता. ठरलेल्या वजनाच्या वर सापडलं तर तो माणूस व्यापारी धरला जाईल, आणि व्यापाऱ्याची शिक्षा पहिल्यापेक्षा वाढवली आहे. थोडा बाळगणाऱ्यांना सोडायचं म्हणून विरोधकांनी ही अट घालून घेतली होती म्हणे. ड्रायव्हरने ते वाचून दाखवलं नाही. आपण कुठे व्यापारी, असं त्याला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं.

मग ते खिडकी उघडी ठेवून बसायला लागले. समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या, त्यांनी तक्रार केली. त्यांच्या घरात तान्हं मूल होतं. त्यांचा तरी काय दोष म्हणा. नाही, आहे, थोडा आहे. आधी येऊन मला सांगायला काय झालं होतं? मी खिडकीला पत्रा ठोकून दिला असता.

पोलिसांची जीप आली तेव्हा मी खाली उशीच्या कडेला गोट शिवत होते. वर आचाऱ्याने ती खिडकीतून पाहिली. पुढे काय झालं ते मला त्यानेच सांगितलं. चौघांच्या हातात आपापले डबे. नवीन कायद्याप्रमाणे कुणाचंच वजन मर्यादेबाहेर नाही. नुसतं बसून राहायचं होतं, "हे माझं, हे त्याचं" म्हणायचं होतं, चार शब्द ऐकून घेतले असते आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. पण ढब्या उठला आणि हुकमाच्या आवाजात म्हणाला, "डबे इकडे." तिघांनी दिले. विचारसुद्धा केला नाही, तो आवाजच तसा होता. त्याने चारही डबे डिंकाच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात उपडे केले, हाताने सारखं केलं, आणि त्या डब्यापुढे जाऊन उभा राहिला.

मी फौजदारांच्या मागोमाग वर पोचले. तिघं भिंतीला टेकून बसलेले. फौजदार माणूस बरा होता, सभ्य होता. त्यांनी डबा पाहिला आणि विचारलं, "हे कुणाचं?"

ढब्याने एक पाऊल पुढे टाकलं. टाचा जुळवल्या, छाती पुढे, नजर समोरच्या भिंतीवर. "माझं, साहेब. सगळं माझं. हे तिघं नुसते भेटायला आलेत."

फौजदार त्याच्याकडे बघत राहिले. "सगळं? नीट विचार करून सांगा. चौघांत मिळून असेल."

"नाही साहेब. माझं."

"वर गच्चीवर झाडं आहेत म्हणतात, ती?"

"तीही माझी."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक वाटत होतं की मी काहीतरी बोलावं. मला कायदा ठाऊक असता तर मी किंचाळून सांगितलं असतं, पण मला वाटलं, तिघं सुटले, एक अडकला, उद्या ढब्यालाही सोडवू. नवीन कायदा आहे ना आता.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेले. अगदी तरुण पोरगी, तिच्यापेक्षा तिची बॅग जड. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, वेगवेगळ्या डब्यांत असतं तर चौघंही सुटले असते. एकाच्या नावावर एवढं वजन, एवढी झाडं, म्हणजे कायद्याने तो व्यापारी झाला. आणि व्यापाऱ्याला आता सूट नाही."

"अगं पण तो लपवायला गेला—"

"लपवलंय कुठे? समोर ठेवून उभे राहिलेत."

कोठडीत मी ढब्याला भेटले आणि गजांतून हात घालून त्याचा कान धरायचा तेवढा बाकी ठेवला. म्हटलं, मूर्खा, गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपण करायला? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत बोलायला लागला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तो झोपेत कुठल्या साहेबाला हाका मारतो.

त्यांच्या चौकीवर रात्री उजेड करायला सक्त मनाई. एका सकाळी खंदकात सिगरेटचं थोटूक सापडलं. साहेबांनी सगळ्यांना बाहेर थंडीत रांगेत उभं केलं. ज्याने ओढली त्याने एक पाऊल पुढे यायचं, नाहीतर सगळे उभे राहा. कुणीच आलं नाही. त्यांच्यात एक वयस्कर जवान होता, निवृत्तीला टेकलेला, त्याला सगळे आजोबा म्हणायचे. त्याच्या अंगात ताप होता. तोही बोलला नाही, उभा राहिला सगळ्यांबरोबर. ऊन कलता कलता तो पडला तो पडलाच.

"ओढली कुणी होती?" मी विचारलं.

"माहीत नाही ताई. कधीच कळलं नाही. मी नव्हती ओढली." त्याने गज घट्ट धरले. "पण मी पाऊल टाकलं असतं तर संपलं असतं ना? खोटं तर खोटं. कुणीही टाकलं असतं तरी संपलं असतं. आम्ही सगळे एकमेकांची वाट बघत उभे राहिलो, आणि आजोबा मेले."

मी त्याची बोटं धरून उभी राहिले. म्हटलं, "बाबा रे, पण आता खरं सांगितलंस तर सगळेच सुटतात." त्याने मान हलवली. त्याच्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. एकाने पुढे व्हायचं आणि बाकीचे वाचतात, एवढंच त्याला कळत होतं. कायदा बदलला होता, ढब्या नव्हता बदलला.

तिघं माझ्याकडे आले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "मेल्यांनो, त्याच दिवशी तोंडं का नाही उघडलीत?" आचारी रडायलाच लागला. म्हणाला, "ताई, एकदा एकाने पाऊल टाकलं की मागच्याने बोलायचं नसतं. बोललं तर त्याचं पाऊल वाया गेलं. आमच्या हाडात बसलंय ते." ड्रायव्हर माझ्या टेबलावरचे खिळे एका रेषेत लावत होता. मग म्हणाला, "कोर्टात बोलतो आम्ही. तिघंही."

आणि बोलले हो. शब्दाला जागले. कोर्टातल्या बाकाचं रेक्झिन फाटलं होतं, कुणीतरी बसल्या बसल्या आतला फोम बोटाने उकरून काढला होता, आणि तारखेमागून तारखा मी त्याच भोकाकडे बघत बसले होते. ड्रायव्हरने सांगितलं, साहेब, त्यातला माझा वाटा माझा होता. आचाऱ्याने सांगितलं. बहिऱ्याला वाटलं न्यायाधीशांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तो ओरडला, "माझापण होता डबा! वेगळा! छोटा!" लोक हसले, न्यायाधीशही हसले. मला वाटलं, जमलं. वकीलबाईने टेबलाखालून माझा हात दाबला.

मग न्यायाधीशांनी ढब्याला विचारलं, "हे म्हणतात ते खरं आहे का?"

तो ताठ उभा राहिला. "खोटं आहे, साहेब. मला वाचवायला बोलतायत. आमच्यात तशी पद्धत आहे."

मी उभी राहून "ढब्या!" म्हणून ओरडले. मला शिपायाने खाली बसवलं. झालं, काम तमाम. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं की सैनिकांमधला हा बंधुभाव वाखाणण्यासारखा आहे, पण न्यायाला भावनेवर चालता येत नाही. माल एकाच डब्यात होता, आरोपीने स्वतः कबुली दिली आहे, आणि साथीदार त्याला वाचवण्यासाठी खोटी साक्ष देत आहेत हे उघड आहे. तिघांनी आयुष्यात सगळ्यात खरं जे सांगितलं, ते खोटं ठरलं. माझ्या भावाला वाखाणलं आणि कित्येक वर्षांसाठी आत टाकलं.

गच्चीवरची झाडं पोलिसांनी मुळापासून उपटून नेली. आता बाजारपेठेत काचेच्या दाराचं एक दुकान उघडलंय. तिथे गांजाचं तेल औषध म्हणून मिळतं, सरकारी परवान्याने, छान बाटलीत. फक्त डॉक्टरची चिठ्ठी लागते. डॉक्टर म्हणतो, तुम्हाला आजार आहे असं लष्करी दवाखान्याने लिहून द्यावं. दवाखाना म्हणतो, आमच्याकडे तुमची नोंद 'तंदुरुस्त' अशी आहे. ड्रायव्हर या दारातून त्या दारात फिरला. मी दोनदा त्याच्याबरोबर गेले, दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाशी कचाकचा भांडले. तो म्हणाला, "बाई, मी काय करू, इथे तसा रकानाच नाही." चोरून आणावं तर ड्रायव्हरने साफ नकार दिला. "आता चिमूटभर सापडला तरी मला व्यापाऱ्याचा साथीदार धरतील. मी पकडलो गेलो तर ढब्याचं आत जाणं फुकट गेलं, ताई." पुन्हा त्या गोळ्या. पुन्हा ते पोतं. टँकर चालवताना त्याचा डोळा लागायला लागला, म्हणून त्याला गाडीवरून काढून डेपोत बसवलं.

त्याची बायको स्वतः सांगायला आली. दारात उभी राहिली, आत यायला तयार नाही. ड्रायव्हर डेपोत, त्याच्याच जुन्या टँकरच्या केबिनमध्ये सापडला होता. त्याने स्वतःला संपवलं होतं. ती म्हणाली, "ढब्याभाऊजींना कसं सांगायचं ते तुम्ही बघा." मी तिला जवळ घेतलं, आणि त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मीच हंबरडा फोडला. मला राग येत होता. कायद्याचा, दवाखान्याचा, त्या रकान्याचा, त्या मेल्या थोटकाचा. आणि ढब्याचाही येत होता, का लपवू? चौघांचं एका डब्यात ओतलंस आणि स्वतःला मोठा शहाणा समजलास.

काही दिवसांनी वकीलबाई कारखान्यात आली. नजर चुकवत बोलत होती. "ताई, कठोर वाटेल. वरच्या कोर्टात जायची मुदत अजून आहे. गेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. आता ढब्यादादांनी एवढंच म्हणायचं, की आम्हा चौघांचे डबे वेगळे होते. त्यांना आता ड्रायव्हरला वाचवायचं राहिलेलं नाही. बाकीचे दोघं तर अजून साक्ष द्यायला तयार आहेत. त्यांनी तोंड उघडलं तर ते सुटू शकतात."

"आणि तोंड कसं उघडेल तो?"

"त्यांना कळलं तर."

आचाऱ्याला आणि बहिऱ्याला मी बजावून ठेवलं होतं की भेटायला जाल तर गप्प राहा. म्हटलं, हे मीच सांगणार. मी त्याची बहीण आहे, मी आजवर त्याला काहीच साखर लावून सांगितलेलं नाही. वकीलबाई तुरुंगापर्यंत बरोबर आली, कागदपत्रं घेऊन बाहेर थांबली. तो हो म्हणाला की लगेच आत येऊन सही घ्यायची, असं ठरलं.

मधे जाळी होती. ढब्या पलीकडे येऊन बसला आणि मी बघतच राहिले. गाल भरले होते त्याचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली होती. मी म्हटलं, "काय रे, जावई म्हणून ठेवलाय का तुला इथे?"

तो हसला. "गादीच्या कामाला घेतलंय मला. काथ्या विंचरतो." मग जाळीजवळ तोंड आणून, जशी काही गंमत सांगतोय असा म्हणाला, "ताई, मला झोप लागते."

"म्हणजे?"

"लागते. काही न घेता. रोज नाही, पण लागते. आडवा झालो की एकेकाला आठवतो. ड्रायव्हर आपल्या घरी. आचारी आपल्या घरी. बहिरा आपल्या घरी. तिघांवरही पांघरूण आहे. मग कधी डोळा लागतो ते कळत नाही. आजोबा येतात, पण लांब बसतात. काही बोलत नाहीत." त्याने डोळे पुसले, पण तोंडावर हसू होतं. "इतकी वर्षं मी कुणाला वाचवलं नव्हतं गं."

मी घरून शब्द जुळवून आणले होते. पहिलं वाक्य पाठ केलं होतं, रस्ताभर ओठांत घोळवलं होतं.

"ड्रायव्हर कसा आहे?" त्याने विचारलं. "मागच्या खेपेला तू घाईत होतीस, विचारायचं राहिलं."

मी तोंड उघडलं. बाहेर वकीलबाई उभी होती, तिच्या बॅगेत त्याची सुटका होती, आणि त्या सुटकेसाठी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझा भाऊ जाळीतून माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे झोप झालेल्या माणसाचे होते. बाहेर येऊन तो कुठे झोपला असता, सांगा मला? कुठल्या सोफ्यावर?

"बरा आहे," मी म्हटलं.

"टँकर चालवतो ना?"

"चालवतो की. न चालवून सांगतो कुणाला?"

"आणि झोप?"

"आता त्या दुकानातलं औषध मिळतं त्याला. चिठ्ठी झाली."

"झाली? बघ!" त्याने जाळीवर हलकेच थाप मारली. "तू उगाच मला गाढव म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"त्याला सांग, इथे भेटायला येऊ नको. मला असं बघून त्याला त्रास होईल. मी वाट बघत नाही म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं. माझा चेहरा कसा राहिला कोण जाणे, पण राहिला. वेळ संपली तसा तो उठला, आणि जाताना वळून हात केला, लहानपणी शाळेच्या फाटकातून करायचा तसा.

बाहेर वकीलबाई भिंतीच्या सावलीत उभी होती. "काय म्हणाले? येऊ आत?"

"मी नाही सांगितलं."

ती थिजली. "ताई, अहो, मुदत संपेल. मग काहीच करता येणार नाही. किती वर्षं आहेत ती, विचार केलात का?"

"मला मोजता येतं गं पोरी," मी म्हटलं, आणि तिथेच फुटपाथवर बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. मी मोठ्याने रडले. ती पोरगी थोडा वेळ उभी राहिली, मग बॅग खाली ठेवून माझ्याशेजारी बसली.

मुदत संपली. महिन्यातून एकदा मी भेटीला जाते. ड्रायव्हरच्या बायकोला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, सांगा काय सांगायचं ते, निदान तिथे तरी ते जिवंत राहू देत. गेल्या खेपेला ढब्या विचारत होता, त्याची गाडी फार जुनी झाली होती, ब्रेक नीट लागत नव्हते, त्याचं काय झालं. मी म्हटलं, चौकशी करून सांगते. आता उद्या जायचंय. ड्रायव्हरला नवा टँकर मिळाला, असं सांगणार आहे मी.